मीटर कशानं पळतो

दाराबाहेर किंवा जिन्याखालच्या खोक्यात विजेचा मीटर असतो आणि त्यावर एक बारीक लाल ठिपका लुकलुकत असतो. त्या ठिपक्याशेजारी एक आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. ठिपका ३२०० वेळा चमकला की एक युनिट वीज खर्ची पडली, असा त्याचा अर्थ. घरातलं सगळं बंद करून फक्त नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर हा ठिपका साधारण दोन मिनिटांतून एकदा चमकतो. दिवा मालवून दोन हजार वॅटचा गिझर लावला, की तोच ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा चमकायला लागतो. दोन्हींतला फरक सव्वादोनशे पटींच्या घरात जातो. तरीही काटकसरीचा विषय निघाला की आपला हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो आणि मुलांना पहिली ताकीद मिळते ती खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करण्याची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं आपल्याकडे म्हणतात ते इथे अगदी चपखल बसतं. घरातल्या वीज-गॅसचा पैसा उजेडावर फारच थोडा जातो; तो जातो तापवण्यात आणि गार करण्यात. म्हणून काटकसरही तिथेच पोचली पाहिजे, हे या प्रकरणात मला आकड्यांनिशी मांडायचं आहे.

दिव्यावरचा हा रोख मूर्खपणातून आलेला नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणा. साठ वॅटचे चार पिवळे दिवे, एखादा पंखा, एक रेडिओ. चार दिवे रोज पाच तास जळले, तर महिन्याला छत्तीस युनिट होत आणि पंख्याची विसेक. म्हणजे घरातली निम्म्याहून अधिक वीज खरोखरच दिव्यांत जात होती. आंघोळीचं पाणी बंबात लाकडाच्या ढलप्यांवर किंवा चुलीवर तापत असे, त्यामुळे ते विजेच्या बिलात दिसतच नसे. त्या घरात ‘दिवा बंद कर’ हा शंभर नंबरी सल्ला होता. पुढे दिवे बदलले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली, त्या योजनेतून देशभरात छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि बाजारातली किंमतही उतरली. तेच चार दिवे आज नऊ वॅटचे झाले, तर महिन्याचा खर्च साडेपाच युनिटांवर येतो. एवढ्या काळात पाणी मात्र बंबातून गिझरमध्ये गेलं, फ्रिज आला, इस्त्री आली, कुठे कुठे एसीही आला. घर बदललं, आणि काटकसरीची सवय जुन्या घरातच राहिली.

आंघोळीच्या एका बादलीचा हिशेब मांडून पाहू. वीस लिटरची बादली, नळाचं पाणी पंचवीस अंशांचं आणि अंगावर घ्यायला बेचाळीस अंशांचं हवं, असं धरू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, आणि एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. वीस लिटर पाणी सतरा अंशांनी तापवायला, म्हणजे, चार दशांश युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा दिवा ४४ तास चालतो. रोज पाच तास जळणारा दिवा असेल, तर जवळजवळ नऊ दिवस. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या म्हटल्या तरी महिन्याला अठ्ठेचाळीस युनिट झाली. शॉवरखाली दहा-बारा मिनिटं उभं राहणाऱ्यांच्या घरी हा आकडा सहज वाढतो. पाण्याला उष्णता फार लागते, हा निसर्गाचाच नियम आहे आणि त्याला कुठलंही पंचतारांकित यंत्र बगल देऊ शकत नाही. वाचवायचं असेल तर कमी पाणी तापवावं, किंवा तापवण्याचं काम उन्हाकडे सोपवावं. गच्चीवरचा शंभर लिटरचा सोलर बंब वर्षाला सुमारे दीड हजार युनिट वाचवू शकतो, असा सरकारी अंदाज आहे. पावसाळ्यातले ढगाळ आठवडे त्यातून वजा होणारच, पण वर्षाचे बाकीचे महिने ऊन आपल्याकडे भरपूर असतं.

गिझरबद्दल एक आक्षेप घरोघरी ऐकू येतो. सारखा चालू-बंद केला तर पाणी पुन्हा पुन्हा तापवावं लागतं आणि जास्त वीज जाते, त्यापेक्षा तो दिवसभर चालूच ठेवलेला बरा, असं म्हणतात. वरवर पाहता हे पटण्यासारखं वाटतं, पण ते खरं नाही. गरम टाकीतून बाहेर झिरपणारी उष्णता टाकीतल्या पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी जितका वेळ साठ अंशांवर राहील तितका वेळ गळती मोठी. ते निवत गेलं की गळतीही कमी होत जाते. बंद काळात जी उष्णता गेली तेवढीच नंतर भरून द्यावी लागते, आणि ती चालू टाकीतल्या गळतीपेक्षा नेहमीच कमी असते. पंधरा लिटरच्या साध्या गिझरची ही नुसती गळतीच दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास असते, कोणी एक तांब्याही गरम पाणी न घेता. तापमानाची कळ साठवरून पन्नासवर आणली तर ही गळती कमी होते. आंघोळीच्या पाण्याला लागणारी मूळ उष्णता मात्र तेवढीच राहते, कारण शेवटी बादलीत पाणी त्याच ऊबेचं हवं असतं. म्हणून कळ फिरवल्यानं बिल निम्मं होईल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता स्वयंपाकघर. इथे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, कारण घरातली सर्वांत मोठी उधळपट्टी इथे होते आणि ती वाफेच्या रूपानं डोळ्यांदेखत होत असूनही आपल्याला दिसत नाही. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सव्वातीनशेच्या आत किलोज्यूल लागतात. तेच एक लिटर पाणी उकळून आटवायला सुमारे सव्वादोन हजार किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपट. शेगडीवरची निम्म्याच्या आसपास उष्णता भांड्याबाहेर जाते, हे धरून हिशेब केला, तर लिटरभर पाण्याला उकळी आणायला बारा-तेरा ग्रॅम गॅस पुरतो, आणि तेवढंच पाणी वाफ करून घालवायला नव्वद ग्रॅमच्या घरात लागतो. सिलिंडर १४.२ किलोचा. तो दीड महिना पुरत असेल तर रोजचा वापर सव्वातीनशे ग्रॅमच्या आतबाहेर झाला. त्या घरात दिवसभरात उघड्या पातेल्यांतून, चहाच्या आधणातून आणि कुकरच्या शिट्ट्यांतून मिळून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर रोजच्या गॅसचा पाव हिस्सा नुसता छताला लागला.

यातली मेख अशी, की उकळी फुटल्यावर आच कितीही मोठी केली तरी पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. बटाटे खदखदणाऱ्या पाण्यात जेवढ्या वेळात शिजतात, तेवढ्याच वेळात मंद उकळीतही शिजतात. मोठ्या आचेनं बटाटा लवकर शिजत नाही, पाणी लवकर आटतं. म्हणून उकळी येईपर्यंत आच मोठी आणि झाकण घट्ट, आणि उकळी आली की आच अगदी बारीक, एवढा एकच नियम पाळला तरी वाचलेला गॅस सिलिंडर किती दिवस पुरला त्यावरून कळून येतो. आटवायचंच असेल तेव्हा, बासुंदीला किंवा खव्याला, ही उष्णता मोजावीच लागते, तिथे कंजूषपणा नको. पण आमटी, भाजी, भात यांना ती मोजण्याचं कारण नाही.

कुकर या बाबतीत आपला सगळ्यात हुशार सोबती आहे, आणि आपण त्याला शिट्ट्या मोजायचं यंत्र करून टाकलं आहे. बंद कुकरात दाब वाढतो, म्हणून पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, आणि डाळ लवकर शिजते. शिट्टी झाली याचा अर्थ आत पुरेसा दाब तयार झाला आणि जादा वाफ बाहेर पडली. दुसरी, तिसरी, चौथी शिट्टी डाळ शिजवत नाही; ती मधली मिनिटं डाळ शिजवतात. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक केली, घड्याळात मिनिटं मोजली आणि गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू दिला, तर डाळ तेवढीच शिजते आणि वाफेत जाणारी उष्णता आत राहते. गार पाणी ओतून घाईनं उघडलेल्या कुकरात शिजण्याची शेवटची पाच-सात मिनिटं वाया जातात, आणि तीच आपण आधी आणखी एका शिट्टीनं विकत घेतलेली असतात. आपल्याकडची ‘कुकर लावायची’ पद्धत, खाली थोडं पाणी, त्यावर एका डब्यात डाळ आणि दुसऱ्यात भात, एका आचेवर दोन पदार्थ शिजवते. तिला सुधारायला फारसं काही नाही. डाळ अर्धा तास आधी भिजवली तर तेवढं पुरे. दुधाचंही तसंच. फ्रिजमधून काढलेलं दूध लगेच गॅसवर ठेवलं तर ते पाच अंशांपासून तापवावं लागतं. ओट्यावर ठेवून ते खोलीच्या तापमानाला येऊ दिलं, तर लागणाऱ्या उष्णतेचा पाचवा हिस्सा खोलीतली हवाच देऊन टाकते.

ही समज नवी नाही, आणि मला या सगळ्यात तीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. मातीच्या चुलीला मागच्या बाजूला वैल असे. पुढच्या तोंडावर भाकरी होत असताना वैलावर आमटीचं भांडं नाहीतर दूध ठेवलेलं असे, आणि पुढून सुटलेल्या धगीवर ते आपोआप शिजत, तापत राही. स्वयंपाक उरकल्यावर निखारेही वाया जात नसत. दूध त्यांच्यावर रात्रभर मंद तापे आणि साय जाड येई. एकदा निर्माण केलेली उष्णता शेवटपर्यंत वापरायची, हे त्या चुलीचं शास्त्र होतं. धुरानं डोळे आणि फुप्फुसं खराब करणारी ती चूल परत यावी, असं कोणी म्हणू नये. पण तिच्यातलं ते शास्त्र टाकून देण्याचं कारण नव्हतं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, याच तत्त्वावर ‘सराई कुकर’ पुढे आणला. एकावर एक डबे, भोवती उष्णता धरून ठेवणारं बाहेरचं भांडं आणि तळाशी शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या कोळशाच्या जेमतेम शंभर ग्रॅम कांड्या. त्यावर चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी होते. शंभर ग्रॅम कांड्यांत जेवढी उष्णता असते, तेवढी पन्नासेक ग्रॅम गॅसातही असते. एका घराच्या जेवणाला खरोखर किती कमी उष्णता लागते आणि आपण किती जाळतो, हे या एका आकड्यातून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशानं होत नाही.

यावर कोणी म्हणेल, थेंबे थेंबे तळे साचे. दिवा काय आणि चार्जर काय, सगळंच वाचवावं. म्हणण्याला ना नाही, पण थेंबाचं माप घेतल्याशिवाय तळ्याचा अंदाज येत नाही. मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षभरात आठ-दहा युनिटांच्या आत काम होतं. वर सांगितलेल्या चार माणसांच्या घरी तेवढी वीज पाच-सहा दिवसांच्या आंघोळीला लागते. नुसता खोचून ठेवलेला चार्जर तर वर्षाला दोन-तीन युनिटही खात नाही. याउलट टीव्हीजवळचा सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आतून जागाच असतो. तो दहा वॅट घेत असेल तर महिन्याला सात युनिट होतात, आणि त्याचं भिंतीवरचं बटण मात्र कोणी बंद करत नाही. माणसाचं लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. दिवसभरात घरातल्या माणसांना आपण दोनच गोष्टींची आठवण करून देऊ शकत असू, तर त्या दोन गोष्टी चार्जर आणि दिवा असू नयेत.

उष्णतेच्या या नियमाला अपवाद आहे तो तासन् तास चालणाऱ्या यंत्रांचा. पंखा काही तापवत नाही, पण तो बारा-बारा तास फिरतो. साधा छताचा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा तीसच्या आसपास. रोज बारा तासांच्या हिशेबानं एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो. फ्रिज तर चोवीस तास चालू. त्याच्या दाराच्या कडेचं रबर सैल पडलं की गारवा सतत बाहेर जातो. दारात कागद धरून दार लावावं, कागद अलगद सुटून आला तर रबर बदलायची वेळ झाली. गरम आमटी तशीच फ्रिजमध्ये ठेवली, तर ज्या उष्णतेसाठी आधी गॅसचे पैसे दिले तीच बाहेर काढायला विजेचे पैसे द्यावे लागतात. नवा फ्रिज घेताना नुसते तारे मोजू नयेत. तारे फ्रिजच्या आकाराच्या मानानं दिलेले असतात, त्यामुळे मोठा पाच तारांकित फ्रिज लहान तीन तारांकित फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. पट्टीवर वर्षाला लागणारी युनिटं छापलेली असतात, खरेदी त्या आकड्यावर करावी. एसीबद्दल थोडक्यात सांगतो: तापमान एका अंशानं वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं आहे, आणि जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू होताना २४ अंशांवरच चालू झाले पाहिजेत असा नियम आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे. काटकसरीचे सल्ले कोणीही देतो, त्यांचा भार मात्र घरातल्या बाईवर पडतो: डाळ आठवणीनं भिजवायची, आच बघत उभं राहायचं, गिझर बंद केला का ते तपासायचं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच काटकसरीच्या दोन जाती मानाव्यात असं मी म्हणतो. एक जात एकदा करून मोकळं होण्याची: फ्रिजचं रबर, गिझरची कळ, पंखा, सोलर. दुसरी रोज लक्ष मागणारी. पहिल्या जातीला नेहमी अग्रक्रम द्यावा, कारण तिथे बचत होते आणि कोणाचा दिवस खर्ची पडत नाही. दुसऱ्या जातीतल्याही अशाच सवयी धराव्यात ज्या वेळ वाचवतात. भिजलेली डाळ लवकर शिजते, बारीक आचेवरचा कुकर उतू जात नाही, झाकलेल्या पातेल्याला लवकर उकळी येते. आणि गिझरचं बटण बंद करणं हे ज्यानं आंघोळ केली त्याचं काम आहे.

पहिल्या जातीला पैसा लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो, हेही खरं. पण इथे बिलाची रचना थोडी मदतीला येते. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. शंभरावर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दरानं लागतं, असा एक गैरसमज आहे. तसं होत नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी आपल्या बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास आहे, म्हणून एकशेतीस युनिट वापरणाऱ्या घरानं तीस वाचवली तर ती दुप्पट दराची वाचतात. पंख्याची वाढीव किंमत किती महिन्यांत भरून निघेल हे काढताना बिलाची सरासरी धरू नये, या शेवटच्या टप्प्याचा दर धरावा. मग तो काळ वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो.

काय बदललं ते पाहायचं असेल तर मागच्या महिन्याच्या बिलाशी तुलना करू नका. एप्रिल आणि जानेवारी सारखे नसतात, पाहुणे येतात, परीक्षा असतात. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराची नोंद छापलेली असते. तिच्यात गेल्या वर्षीचा हाच महिना शोधा आणि रुपये सोडून फक्त युनिटांशी ताडून पाहा, कारण दर मधल्या काळात बदललेले असू शकतात. गॅससाठी नवा सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन सिलिंडरांच्या तारखा जमल्या की झाकण आणि बारीक आच यांनी किती दिवस मिळवून दिले, ते तुम्हाला स्वतःलाच मोजता येईल.